वाऱ्यात गोल मार्ग कसा धरायचा: डीएमई आर्क, होल्ड आणि आरएफ लेगचं विंड करेक्शन

सरळ ट्रॅकवर (ट्रॅक म्हणजे विमानाचा जमिनीवरचा प्रत्यक्ष मार्ग) वाऱ्याचं करेक्शन बहुतेकांना चार-पाच फ्लाइटमध्ये जमून जातं. एक हेडिंग (नाकाची दिशा) धरलं, नीडल (दिशा दाखवणारा काटा) सरकली, पाच अंश बदललं, नीडल थांबली, झालं. पण तेच लोक आर्कवर, म्हणजे एखाद्या रेडिओ स्टेशनपासून ठरलेल्या अंतरावरच्या गोल मार्गावर, गेले की गोंधळतात (ते अंतर डीएमई हे यंत्र दाखवतं, म्हणून डीएमई आर्क), आणि मी शिकवायला लागल्यापासून हे इतक्या वेळा बघितलंय की आता मला खात्री आहे, अडचण हाताची नसते, डोक्यात चित्र नसतं. वारा एकाच दिशेने वाहतोय पण आपण गोल फिरतोय, त्यामुळे आत्ता बरोबर असलेलं करेक्शन दोन मिनिटांनी चुकीचं ठरतं आणि कधीकधी तर थेट उलट्या बाजूचं लागतं.

मी स्वतः शिकत होतो तेव्हा मला कोणीतरी सांगितलं होतं की स्टेशनकडे बघणारी नीडल पंखाच्या टोकावर ठेव म्हणजे आर्क आपोआप होतो. मी ती प्रामाणिकपणे पंखाच्या टोकावर ठेवली आणि १२ मैलांचा आर्क पाच मिनिटांत पावणेअकरा मैलांवर आला. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं फिरवतोय. फिरवत बरोबर होतो, वाऱ्याचा हिशोबच केला नव्हता. वारा नसेल तरच नीडल पंखाच्या टोकावर राहते. वारा असेल तर स्टेशनच्या दिशेशी काटकोनात आपला ट्रॅक राहिला पाहिजे, नाक कुठे का असेना. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचं सगळं हिशोबाचं काम आहे आणि हिशोब सोपा आहे.

(इथे सगळीकडे मैल म्हणजे नॉटिकल मैल, आणि स्पीड नॉटमध्ये.)

जमिनीवर करायचं काम

आर्कचं अर्धं काम चार्ट टेबलावर असतानाच होतं, आणि विमानात बसल्यावर हे करायला वेळ मिळत नाही हे मी आधीच सांगतो.

आधी वारा कुठला घ्यायचा ते ठरवा. विमानतळाच्या मेटारमधला (हवामानाचा ताजा अहवाल) वारा जमिनीवरचा असतो, आर्क असतो दोन-चार हजार फूट वर किंवा त्याहूनही वर, तिथे घर्षण कमी म्हणून वारा जास्त जोराचा असतो आणि दिशाही बदललेली असते, उत्तर गोलार्धात साधारणपणे घड्याळाच्या दिशेने सरकलेली. म्हणून आर्कच्या उंचीचा विंड फोरकास्ट घ्या. आता यातली एक चूक सगळे करतात, मीही केलीय: मेटार, टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि विंड अलॉफ्ट (वरच्या वाऱ्याचा अंदाज) हे ट्रू नॉर्थवरून असतात आणि व्हीओआरचे (आर्कच्या मध्यावरचं रेडिओ स्टेशन) रेडियल, म्हणजे स्टेशनवरून निघणाऱ्या दिशारेषा, मॅग्नेटिक. टॉवर तोंडाने जो वारा सांगतो तो मॅग्नेटिक असतो. जिथे व्हेरिएशन (ट्रू आणि मॅग्नेटिक उत्तर दिशेतला फरक) दोन-तीन अंश आहे तिथे सोडून दिलं तरी चालेल, पण जिथे ते पंधरा-वीस अंश आहे तिथे आधी बदल करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चित्रच फिरलेलं असेल.

मग जास्तीत जास्त ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्यामुळे मार्ग सरकतो तो कोन, काढा. वाऱ्याच्या नॉटला ६० ने गुणा आणि ट्रू एअरस्पीडने (हवेतला खरा वेग) भागा. १२० नॉटला हे म्हणजे सरळ वाऱ्याच्या निम्मं, ३० नॉट वारा म्हणजे १५ अंश. ९० नॉटला दोन तृतीयांश, १८० ला एक तृतीयांश. ट्रू एअरस्पीड म्हटलंय ते मुद्दाम, कारण दर हजार फुटांना इंडिकेटेडपेक्षा (मीटरवर दिसणाऱ्या वेगापेक्षा) ट्रू साधारण दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आठ हजार फुटांवर १२० इंडिकेटेड हे १३९ च्या आसपास ट्रू असतं आणि तेवढं वळणही मोठं होतं.

आता खरी गंमत. एक गोल काढा, मध्ये व्हीओआर, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला बाण काढा. वारा २१० वरून असेल तर २१० रेडियलच्या बाजूचा अर्धा गोल हा वाऱ्याकडचा अर्धा. त्या अर्ध्यात कुठेही असलात तरी वारा तुम्हाला स्टेशनकडे, म्हणजे आत ढकलणार. उरलेल्या अर्ध्यात तो बाहेर ढकलणार. तुम्ही घड्याळाच्या दिशेने फिरताय की उलट, काही फरक पडत नाही. म्हणजे नियम एवढाच: तुमचं रेडियल आणि वाऱ्याची दिशा यात ९० अंशांपेक्षा कमी फरक असेल तर वारा आत ढकलतो, जास्त असेल तर बाहेर, आणि बरोबर ९० असेल तिथे वारा पूर्ण समोरून किंवा पूर्ण मागून, ड्रिफ्ट शून्य. मला ही गोष्ट शिकायला लागल्यावर फार उशिरा कळली आणि कळल्यावर इतकं हलकं वाटलं की आता मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच चित्र काढायला लावतो.

किती ढकलणार तेही याच फरकावरून मिळतं. फरक शून्य किंवा १८० असेल तर पूर्ण ड्रिफ्ट. तिथून ३० अंश दूर असाल तर अजून जवळजवळ नव्वद टक्के, ४५ अंश दूर तर सत्तर टक्के, ६० अंश दूर तर निम्मं. हे आकडे तोंडपाठ करा, कॅल्क्युलेटर लागत नाही.

एक पूर्ण उदाहरण

१२ मैलांचा आर्क, रेडियल २७० वरून सुरू, घड्याळाच्या दिशेने ३६० पर्यंत, मग ३६० रेडियलवरून १८० ट्रॅकने आत. स्टेशन सतत उजव्या हाताला. ट्रू एअरस्पीड १२०, वारा मॅग्नेटिक २१० वरून ३० नॉट, म्हणजे मॅक्स ड्रिफ्ट १५ अंश. घड्याळाच्या दिशेने फिरताना ट्रॅक म्हणजे रेडियल अधिक ९०.

रेडियल २७० वर ट्रॅक ३६०. वाऱ्याशी फरक ६०, म्हणून निम्मं ड्रिफ्ट, साडेसात अंश, आणि फरक ९० च्या आत आहे म्हणून वारा आत ढकलतोय. नाक बाहेर, म्हणजे डावीकडे काढायचं, हेडिंग ३५२. व्हीओआरची नीडल आता पंखाच्या टोकाच्या आठ अंश मागे दिसणार आणि ती तिथेच असायला हवी. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) १४५ च्या आसपास कारण वारा बराचसा मागून आहे.

रेडियल ३०० वर ट्रॅक ०३०, फरक बरोबर ९०, वारा सरळ पाठीमागून. हेडिंग ०३०, नीडल पंखाच्या टोकावर, ग्राउंडस्पीड १५०.

रेडियल ३३० वर ट्रॅक ०६०. आता फरक १२०, वारा बाहेर ढकलायला लागलाय. निम्मं ड्रिफ्ट पण आता उजवीकडे, हेडिंग ०६७, नीडल पंखाच्या सात अंश पुढे.

रेडियल ३६० वर ट्रॅक ०९०, फरक १५०, म्हणजे जवळजवळ पूर्ण ड्रिफ्ट, १३ अंश. हेडिंग १०३, नीडल पंखाच्या १३ अंश पुढे, ग्राउंडस्पीड १३२.

बघा काय झालं: एकाच आर्कवर करेक्शन आठ अंश बाहेरपासून तेरा अंश आतपर्यंत गेलं, वारा मात्र एका नॉटनेही बदलला नाही. सुरुवातीला नीडल मागे ठेवून आर्क छान चालला म्हणून कोणी शेवटपर्यंत तशीच मागे ठेवली तर शेवटच्या रेडियलवर तो एकवीस अंशांनी चुकीच्या हेडिंगवर असेल. म्हणून हे चार आकडे कागदावर लिहून चार्टवर चिकटवा. मी आजही लिहितो.

आर्कवर चढताना

२७० रेडियलवर स्टेशनकडे येताय आणि डावीकडे वळून आर्क धरायचाय. स्टँडर्ड रेट (सेकंदाला तीन अंश) वळणाची त्रिज्या साधारण स्पीडच्या अर्धा टक्का असते, १२० ला ०.६ मैल, १५० ला ०.७५. वारा नसता तर १२.६ ला वळायला सुरुवात केली असती. पण वळायला अर्धा-पाऊण मिनिट जातं आणि तेवढ्या वेळात वारा विमानाला उचलून नेतो. आपल्या उदाहरणात वाऱ्याचा स्टेशनकडे जाणारा भाग १५ नॉट, अर्ध्या मिनिटात तो मैलाचा आठवा भाग झाला. त्यात आत येताना उजवीकडे क्रॉसविंड करेक्शन घेतलेलं असल्यामुळे हेडिंग १०२ असेल, तिथून ३५२ पर्यंत ११० अंश वळायचंय, म्हणजे अजून थोडा वेळ. म्हणून सुरुवात १२.८ ला. दोन-तीन दशांशाचा फरक लहान वाटतो पण आर्क सुरुवातीलाच मैलभर चुकला की पुढची दहा मिनिटं पाठलाग करण्यात जातात, आणि त्या दहा मिनिटांत तुम्हाला ब्रीफिंग, उंची, चेकलिस्ट आणि रेडिओही करायचाय.

वळण संपवताना थेट करेक्शन घेतलेल्या हेडिंगवर थांबा. आधी ३६० वर थांबू मग बघू असं करू नका, वारा माहीत असताना तो माहीत नसल्यासारखं उडवण्यात काही अर्थ नाही.

आर्कवर राहताना

खरा गोल कोणी उडवत नाही, आपण लहान लहान सरळ तुकडे जोडतो. नीडल तुमच्या रेफरन्सच्या पाच अंश पुढे ठेवायची, हेडिंग धरून ठेवायचं, नीडल सरकत सरकत पाच अंश मागे आली की दहा अंश स्टेशनकडे वळायचं, पुन्हा तेच. हे ओबडधोबड वाटतं ना? १२ मैलांवर दहा अंशांच्या तुकड्यात डीएमई फक्त ०.०५ मैलाने हलतो. वीस अंशांचे तुकडे केले तरी ०.१८. म्हणजे तुकड्यांमुळे आर्क बिघडत नाही, बिघडतो तो रेफरन्स चुकल्यामुळे. आणि रेफरन्स म्हणजे पंखाचं टोक नव्हे, पंखाचं टोक अधिक-उणे ड्रिफ्ट. वारा आत ढकलतोय तर टोकाच्या मागे, बाहेर ढकलतोय तर टोकाच्या पुढे.

आरएमआय किंवा बेअरिंग पॉइंटर (स्टेशनची दिशा दाखवणारी नीडल) नसेल, नुसता सीडीआय (निवडलेल्या रेडियलपासून किती सरकलो ते दाखवणारा) असेल तर ओबीएस (रेडियल निवडायचा नॉब) दहा अंश पुढचं लावा, नीडल मध्ये आली की दहा अंश वळा, पुन्हा ओबीएस दहा पुढे. सगळीकडे शिकवतात तेच हे. वाऱ्यासाठी यात एकच भर घालायची: प्रत्येक वेळी वळताना आंधळेपणाने दहा अंश वळू नका, पुढच्या तुकड्याचा ट्रॅक काढा आणि त्यावर तिथलं ड्रिफ्ट लावा. आपल्या उदाहरणात २७० ते ३०० या तीस अंशांत हेडिंग ३५२ वरून ०३० वर गेलं, म्हणजे ३८ अंश. ३०० ते ३३० मध्ये ३७. प्रत्येक तुकड्याला तेरा-एक अंश वळायला लागतायत, दहा नाही. टर्न टेन ट्विस्ट टेन (दहा वळा, ओबीएस दहा फिरवा) पाठ केलेला माणूस इथे हळूहळू बाहेर जातो आणि त्याला कळत नाही का.

वेळेचाही अंदाज ठेवा. १२ मैलांवर दहा अंश म्हणजे दोन मैलांपेक्षा जरासं जास्त. १४५ ग्राउंडस्पीडला ५२ सेकंद. पण वारा समोरून असेल आणि ग्राउंडस्पीड ९० असेल तर तेच दहा अंश ८४ सेकंद घेतात. टेलविंडच्या बाजूला सगळं घाईघाईने येतं, तिथे पुढचा ओबीएस आणि पुढचं हेडिंग आधीच ठरलेलं पाहिजे.

डीएमई बॉक्सवर ग्राउंडस्पीड दिसत असेल तर त्याचा एक छान उपयोग आहे जो फार कमी लोक करतात. तो आकडा खरं तर स्टेशनपासून जवळ किंवा लांब जायचा वेग असतो. म्हणून आर्कवर तो शून्याच्या जवळ असला पाहिजे. तिथे १५ दिसायला लागले तर आर्कपासून तुम्ही १५ नॉटने सरकताय, म्हणजे एवढ्या क्रॉसविंडचं करेक्शन राहिलंय, १२० स्पीडला सात अंश. आकडा थोडा उशिरा स्थिर होतो, वळताना बघू नका, सरळ तुकड्यात बघा. आणि अर्थातच हाच आकडा आर्कवर खरा ग्राउंडस्पीड म्हणून वेळेच्या हिशोबाला वापरू नका. बॉक्सवर नसेल तर नुसतं अंतर बघा, ०.१ मैल २४ सेकंदांत बदलला तर तेच १५ नॉट.

चूक दुरुस्त करताना दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, एक म्हणजे अंतर किती चुकलंय आणि दुसरी म्हणजे का चुकलंय. आधी आर्कवर परत या, मग रेफरन्स बदला. अर्ध्या मैलाला दहा ते वीस अंश हा नेहमीचा ठोकताळा आहे. मी आत असेन तर दहा घेतो आणि बाहेर असेन तर वीस, कारण आत असताना नुसतं हेडिंग धरलं तरी गोल स्वतःच वळून आपल्याकडे येतो, बाहेर असताना तो आपल्यापासून वळून दूर जात असतो. याच कारणासाठी चुकायचंच असेल तर एक-दोन दशांश आत चुका. आणि परत आल्यावर जुन्याच रेफरन्सवर जाऊ नका, तो चुकीचा होता म्हणूनच तुम्ही सरकलात, त्यात पाच अंश बदल करा आणि पुढच्या तुकड्यात बघा.

जीपीएस असेल तर

तर काम फारच सोपं होतं आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. जीपीएस तुमचा प्रत्यक्ष ट्रॅक दाखवतो, त्यात वारा आधीच आलेला असतो. एचएसआयवर (दिशा आणि कोर्स एकत्र दाखवणारं यंत्र) ट्रॅकचा लहान डायमंड असेल तर बेअरिंग पॉइंटर आणि डायमंड यांच्यात ९० अंश ठेवा, बस्स. नाक कुठे आहे त्याच्याकडे बघायचंही कारण नाही. आर्क डेटाबेसमधून लोड केला असेल तर डिझायर्ड ट्रॅक सतत बदलत जातो, तुमचा ट्रॅक त्याच्याबरोबर चालवा आणि क्रॉस ट्रॅक एररसाठी (मार्गापासून बाजूला किती सरकलो ते अंतर) चार-पाच अंशांचं छोटं करेक्शन.

तरीही मी विद्यार्थ्यांना पहिले काही आर्क जीपीएस ट्रॅक झाकून करायला लावतो, कारण स्क्रीनवर आकडा बरोबर दिसतोय आणि वारा कुठून आहे हेच माहीत नाही अशी माणसं आर्क संपवून फायनलला वळताना हमखास चुकतात.

आर्कवरून आत वळताना

इथेच सगळ्यात जास्त ओव्हरशूट होतात. वळणाची त्रिज्या ०.६४ मैल, १२ मैलांवर एक अंश म्हणजे ०.२ मैल, म्हणून वारा नसता तर रेडियलच्या तीन अंश आधी वळलो असतो. आपल्या वाऱ्याचा पूर्वेकडे जाणारा भाग १५ नॉट, अर्ध्या मिनिटाच्या वळणात तो अजून आठवा भाग मैल रेडियलच्या पलीकडे ढकलतो. म्हणून चार अंश आधी, रेडियल ३५६ ला वळा. चार्टवर लीड रेडियल दिलेलं असतं ते बहुतेक दोन मैल आधीचं असतं, लहान विमानाला ते वळायची जागा म्हणून फार लवकरचं आहे, तिथे फक्त तयार व्हा, इनबाउंड कोर्स लावा, हात थ्रॉटलवर. वाऱ्याचा जोर पाठीमागून असेल तर ती दोन मैलांची सोय पटकन संपते हेही लक्षात असू द्या.

थांबायचं हेडिंग १८७, १८० नाही. आणि आता ग्राउंडस्पीड १३२ वरून एकदम ९३ वर येतो. खाली उतरायचा रेट त्याच क्षणी बदला, नाहीतर आर्कवरच्या सवयीने खूप लवकर खाली याल.

होल्डमध्ये

होल्ड म्हणजे एका ठरलेल्या बिंदूपाशी लांबट घिरट्या घालणं: इनबाउंड लेग त्या बिंदूकडे, आउटबाउंड लेग त्याच्यापासून दूर, मध्ये दोन वळणं. होल्डमधली वळणं वाऱ्यासाठी दुरुस्त करायची नाहीत, ती ठरलेल्या रेटने करायची आणि सगळं करेक्शन आउटबाउंड लेगवर भरून काढायचं. यासाठीचा तिप्पट ड्रिफ्टचा नियम सगळे पाठ करतात पण तीनच का हे विचारलं की गप्प होतात. दोन वळणांना मिळून दोन मिनिटं, आउटबाउंड एक मिनिट. तीन मिनिटं वारा ढकलतोय आणि ते सगळं एका मिनिटात परत मिळवायचंय, म्हणून तिप्पट. हे समजलं की बाकीचं स्वतः काढता येतं: आउटबाउंड दीड मिनिटाचा असेल तर सव्वादोनपटीपेक्षा जरा जास्त, दोन मिनिटांचा असेल तर दुप्पट. वळताना किती सरकतो तेही बघा, २० नॉट क्रॉसविंड दोन मिनिटांत दोन तृतीयांश मैल.

इनबाउंड १८०, उजवी वळणं, वारा २७० वरून २० नॉट, स्पीड १२०. इनबाउंडला दहा अंश करेक्शन लागलं, हेडिंग १९०. आउटबाउंडला ३६० मधून तीस वजा, ३३०. इथे वारा आउटबाउंड बाजूकडून कोर्सकडे ढकलतोय, म्हणून एकपट करेक्शन घेतलं तर शेवटच्या वळणात कोर्स ओलांडून पलीकडे जाल. तीस अंशांच्या पुढे मी स्वतः जात नाही, तिप्पट जास्त येत असेल तरी तीस, आणि मग शेवटच्या वळणात जास्त लक्ष ठेवतो: वळण संपायला तीस-चाळीस अंश राहिले असताना नीडल जागची हलली नसेल तर तिथेच थांबून कोर्स पकडायचा, आणि नीडल आधीच धावत येत असेल तर वळत राहायचं आणि पलीकडून परत यायची तयारी ठेवायची.

वेळेसाठी सोपं: आउटबाउंडला टेलविंड असेल तर दर नॉटला एक सेकंद कमी, हेडविंड असेल तर एक सेकंद जास्त. पहिल्या फेरीनंतर इनबाउंडला किती वेळ लागला ते बघून पुढची फेरी बदला.

प्रोसिजर टर्नमध्येही (लांब जाऊन उलटं फिरून आत येणं) हाच विचार, फिक्सपासून (ठरलेला बिंदू) लांब जाताना मागून वारा असेल तर वेळ कमी करा, कारण चार्टवर दिलेल्या अंतराच्या आत राहायचंच आहे आणि डोंगराला स्टॉपवॉच कळत नाही. बेस टर्नला वळण एकच असतं, साधारण सव्वा मिनिटाचं, म्हणून दोन मिनिटं आउटबाउंड असेल तर करेक्शन दीडपटीच्या थोडं वर, तिप्पट नाही. इथे सवयीने तिप्पट लावणारे मी बघितलेत.

आरएफ लेग

रेडियस टू फिक्स लेग म्हणजे ठरलेल्या त्रिज्येचा, जमिनीवर आखलेला गोल तुकडा. आरएनपी अप्रोचमध्ये (मार्गापासून किती मैलांच्या आत राहायचं ते ठरलेला अप्रोच) डोंगरांच्या मधून वाट काढायला याचा फार उपयोग होतो. अलास्का एअरलाइन्सने १९९६ मध्ये अलास्कातल्या जुनोला आरएनपी अप्रोच सुरू केले, तिथली अरुंद खाडी आणि दोन्ही बाजूचे डोंगर बघितले की याची गरज का पडली ते कळतं.

इथे वाऱ्याचं करेक्शन मुख्यतः बँकमध्ये (विमान किती कलतं त्यात) होतं, आणि म्हणून डीएमई आर्कपेक्षा हे वेगळं वाटतं. त्रिज्या बदलत नाही, ग्राउंडस्पीड बदलतो, आणि लागणारा बँक ग्राउंडस्पीडच्या वर्गाने वाढतो. अडीच मैलांची त्रिज्या, ट्रू एअरस्पीड १४०, वारा २५ नॉट घ्या. वारा समोर असताना ग्राउंडस्पीड ११५ आणि बँक साडेचार अंश. त्याच लेगवर वारा मागे आला की १६५ आणि नऊ अंश. स्पीड दीडपटीच्या आत वाढला आणि बँक दुप्पट झाला. त्रिज्या दोन मैल असेल तर १४० ग्राउंडस्पीडला आठ अंश, १८० ला तेरा, २२० ला एकोणीसच्या वर. स्वतः काढायचा असेल तर ग्राउंडस्पीडचा वर्ग भागिले (६८,६२५ गुणिले त्रिज्या), हा बँकचा टॅन्जन्ट.

यातून करायचं काय? पहिलं म्हणजे चार्टवरची स्पीडची मर्यादा लेग सुरू व्हायच्या आधी गाठा, लेगमध्ये शिरल्यावर कमी करू असं नको, कारण टेलविंडच्या बाजूला ऑटोपायलटची बँक मर्यादा संपली की विमान बाहेर जायला लागतं आणि तुमच्या हातात काही उरत नाही. दुसरं, एफएमएसमध्ये (विमानाचा नेव्हिगेशन कॉम्प्युटर) उतरतानाचा वारा टाकता येत असेल तर टाका. तिसरं, लेगच्या मधल्या भागावर डायरेक्ट जाऊ नका आणि वेक्टर (कंट्रोलरने दिलेली हेडिंग) घेऊन गोल तुकड्यात मधेच शिरू नका, सुरुवातीच्या फिक्सच्या आधी प्रोसिजरवर स्थिर असायला हवं. हाताने उडवत असाल तर फ्लाइट डायरेक्टर जो बँक सांगतो त्याच्यामागे हळू पण सतत जा, एक बँक धरून बसू नका, तो कमीजास्त होत राहणारच आणि कोणत्या बाजूला वाढणार हे तुम्हाला गोल काढल्यामुळे आधीच माहीत आहे. क्रॉस ट्रॅक एरर आरएनपीच्या निम्म्याच्या आत ठेवायचा, म्हणजे ०.३ च्या अप्रोचला ०.१५ मैल. वळताना थोडा वेळ निम्म्याच्या वर पूर्ण आरएनपीपर्यंत गेलं तर लगेच परत आणा, पण पूर्ण आरएनपी ओलांडला आणि बाहेर जमीन दिसत नसेल तर मिस्ड अप्रोच (उतरणं सोडून परत वर जाणं), आणि मिस्डचा मार्गही गोल असेल तर थ्रस्ट वाढवल्याबरोबर स्पीडकडे बघा, कारण तिथे वाढलेला प्रत्येक नॉट पुन्हा बँकमध्ये मागितला जातो.